खाडीकाठच्या गावांनी मिळून कालवं, शिणाणे, खेकडे पाळायचे तर कोणतं काम आधी, कोणतं नंतर

ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठावर कालवं (ऑयस्टर), शिणाणे (मसल) किंवा खेकडे पाळायला निघालेल्या गटांचा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो. आधी बांबू येतात, मग दोर, मग बीज (पाळायची पिल्लं), मग नारळ फुटतो. पाणी तपासणं, परवानगी घेणं आणि शेजारच्या गावाशी बोलणं ही कामं माल पाण्यात गेल्यावर आठवतात. तोवर पैसा अडकलेला असतो, त्यामुळे तपासणीचा अहवाल वाईट आला तरी तो मान्य करायला कोणी तयार नसतं.

खालचा क्रम मच्छिमार सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्यासाठी लिहिला आहे. एक गाव, एक गट, एक अनुदान अशा पद्धतीने हे काम इथे टिकत नाही. खाडीच्या वरच्या अंगाला, विटाव्याजवळ सुटलेलं सांडपाणी ओहोटीला ऐरोली-वाशीकडे उतरतं आणि भरतीला त्यातलं बरंच परत वर चढतं. खाली बेलापूरकडच्या दिवाळे गावाच्या गटाने कितीही काळजी घेतली तरी त्यांच्या दोरांवरून जाणारं पाणी आधी दहा गावांच्या काठाला लागून आलेलं असतं. म्हणून सुरुवात गावांच्या बैठकीने करायची, खरेदी सगळ्यात शेवटी.

## टप्पा १: खाडीचा नकाशा एकत्र बसून काढा

पहिल्या बैठकीला प्रत्येक गावातून तीन माणसं हवीत: संस्थेचा पदाधिकारी, रोज होडी घेऊन जाणारा एक तांडेल, आणि ओहोटीला चिखलात उतरून शिवल्या, कालवं, निवट्या काढणारी एक बाई. ही तिसरी व्यक्ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वगळली जाते. कुठे चिखल कडक आहे, कुठे काळा आणि वासाचा आहे, कुठली कालवं गेल्या काही वर्षांत मेली, हे तिला सगळ्यात नेमकं माहीत असतं. शिवाय उद्या तिच्या काढणीच्या जागेवरच तुमचे खुंट उभे राहिले तर पहिलं भांडण तिच्याशी होणार.

मोठ्या कागदावर या गोष्टी उतरवा:

- नाल्यांची आणि सांडपाण्याची तोंडं, पालिकेची आणि औद्योगिक पट्ट्यातली दोन्ही
- तिवरांची रेषा आणि अभयारण्याची हद्द
- होड्यांचा मार्ग, जेट्टी, डोल जाळी बांधायचे रोवलेले खुंट
- हाताने काढणी होते त्या जागा
- गणपती-देवी विसर्जनाची ठिकाणं, कारण रंग आणि प्लास्टर तिथेच बसतं
- ओहोटीला कुठे किती पाणी उरतं, उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी) वेगवेगळं

ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानच्या पश्चिम काठाला लागून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत पालनाचा विचारच करू नका. भोवतालच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रातही वन विभागाला विचारल्याशिवाय एक खुंट रोवायचा नाही.

तपासणी: नकाशावर प्रत्येक गावाच्या प्रतिनिधीची सही झाली का? एका जरी गावाने "आमची काढणीची जागा चुकीची दाखवली" असं म्हटलं तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा २: कुठल्या पाण्यात काय, हे वाटून घ्या

सगळ्या गावांनी सगळं करायचं, हा हट्ट महागात पडतो. कालव आणि शिणाणा हे पाणी गाळून खाणारे जीव. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं. पाण्यात जे जंतू, जड धातू, तेल असतं ते त्याच्या मांसात साठत जातं. त्यामुळे नाल्यांच्या तोंडाजवळच्या आतल्या खाडीत खाण्यासाठी कालवं-शिणाणे पाळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा सोयीची आहे, घरापासून जवळ आहे, राखण करता येते, ही कारणं ग्राहकाच्या पोटापुढे टिकत नाहीत.

मग आतल्या खाडीकाठच्या गावांनी काय करायचं? त्यांच्या वाट्याला खरं तर जास्त कामं येतात. पाण्याची नियमित तपासणी, दोर आणि टोपल्या बांधण्याची कार्यशाळा, माल साफ करून विकण्याचं केंद्र, हिशेब आणि नोंदी. आणि तपासणीत निभावलं तर बंदिस्त तळ्यात किंवा पेट्यांत खेकडे भरवणं, म्हणजे पोकळ खेकड्याला खाऊ घालून मांसल करणं. खेकडा पाणी गाळून खात नाही, पण तोही स्वच्छ ठरला असं समजू नका. धातू त्याच्या पेंद्यातल्या पिवळसर भागात साठतात, आणि आपल्याकडे तोच भाग आवडीने खाल्ला जातो. म्हणून खेकड्याचीही तपासणी करायचीच.

शिंपल्यांचं पालन खाडीच्या मुखाकडे, जिथे समुद्राचं पाणी जोराने फिरतं आणि नाले लांब आहेत तिथेच शोधायचं. याचा अर्थ ठाणे-नवी मुंबईच्या गटांनी उरणच्या बाजूच्या संस्थांशी करार करावा लागतो. जागा त्यांची, मजुरी आणि विक्री दोघांची. सहकार्याची गरज इथे सगळ्यात जास्त आहे आणि नेमकं इथेच गट कच खातात, कारण "दुसऱ्या तालुक्याला कशाला वाटा द्यायचा" असा सूर निघतो. चांगल्या पाण्यातला अर्धा वाटा घाण पाण्यातल्या अख्ख्या मालापेक्षा मोठा असतो, हे बैठकीत आकडे मांडून दाखवा.

## टप्पा ३: पाणी आणि मांस, दोन्ही तपासा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे सावकाश चला.

पहिली चूक: एकदाच नमुना घेणं. मार्चमधल्या भरतीला घेतलेला नमुना छानच येणार. नमुने महिन्याला किमान एक, आणि वर्षभर हवेत. त्यात पावसाळ्यातला एक, उधाणातला एक, भांगातला एक आणि मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवसांतला एक असलाच पाहिजे. आरोग्याला सगळ्यात वाईट पाणी ओहोटी संपत येते तेव्हाचं असतं, तेव्हा नमुना त्याच वेळी घ्या. चांगला अहवाल मिळावा म्हणून भरतीची वेळ निवडणारा गट स्वतःचीच फसवणूक करतो.

दुसरी चूक: फक्त पाणी तपासणं. पाणी तासातासाला बदलतं, मांसात मात्र दिवसांचा हिशेब साठलेला असतो. जागेवर नैसर्गिक शिंपले नसतील तर स्वच्छ ठिकाणची जिवंत कालवं किंवा शिणाणे जाळीच्या टोपलीत भरून तिथे टांगा. किमान दोन आठवडे पाण्यात ठेवून मग जंतूंसाठी तपासा. धातूंसाठी हीच टोपली काही महिने राहू द्या. एका टोपलीच्या खर्चात लाखोंची गुंतवणूक वाचते.

तिसरी चूक: नमुना खराब करून प्रयोगशाळेत पोचवणं. शिंपले खाडीच्याच पाण्यात धुवून चिखल काढा, नळाच्या पाण्यात बुडवू नका. स्वच्छ नव्या पिशवीत बांधा, बर्फपेटीत ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका आणि गोठवू नका. पिशवीवर जागा, तारीख, वेळ, भरती-ओहोटी, पाण्याची क्षारता (खारेपणा) आणि आदल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, हे सगळं लिहा. २४ तासांच्या आत पोचवा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी.

काय तपासायला सांगायचं: मांसात ई. कोलाय, साल्मोनेला, शिसं, कॅडमियम, पारा. पाण्यात क्षारता, विरघळलेला प्राणवायू, तेल. क्षारता स्वतः मोजता येते. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं उपकरण दोन-तीन गावांनी मिळून घेतलं तरी पुरतं.

मोजपट्टी म्हणून युरोपातली वर्गवारी उपयोगी पडते. १०० ग्रॅम मांस आणि कवचातलं पाणी यात ई. कोलायची संख्या २३० पर्यंत असेल तर तो 'अ' वर्ग, माल थेट विकता येतो. ४,६०० पर्यंत 'ब' वर्ग, म्हणजे आधी शुद्धीकरण (निर्जंतुक समुद्री पाण्याच्या टाकीत ठेवून जंतू कमी करणं). ४६,००० पर्यंत 'क' वर्ग, म्हणजे दीर्घकाळ स्वच्छ पाण्यात हलवणं किंवा कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया. त्याच्याही वर गेलं तर काढणी बंद. हे आकडे सगळ्या नमुन्यांच्या सरासरीवर पाहायचे नसतात. 'अ' वर्गात बहुतांश नमुने २३० च्या आत आणि एकही ७०० च्या वर नको, इतका तो कडक आहे. एखादाच वाईट नमुना "तो सोडून द्या" म्हणून बाजूला टाकू नका.

सावधान: शुद्धीकरणाच्या टाकीवर भरवसा ठेवून वाईट जागा निवडू नका. टाकीत जंतू कमी होतात. जड धातू तिथे निघत नाहीत, काही विषाणू आणि शेवाळातली विषंही चिकटून राहतात. शिजवल्यानेही धातू जात नाहीत. मांसात धातू मर्यादेबाहेर सापडले तर ती जागा खाण्याच्या मालासाठी संपली.

तपासणी: बारा महिन्यांचे अहवाल एका फायलीत, प्रत्येक गावाकडे एक प्रत. कुठल्याही गावाला अहवाल लपवता येणार नाही अशी व्यवस्था असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: करार लिहून काढा

तपासणी चालू असतानाच हा टप्पा उरकता येतो, आणि उरकावाच. माल नसताना माणसं शांतपणे बोलतात. माल आल्यावर प्रत्येक किलोवर वाद होतो.

करारात खालील गोष्टी नसतील तर तो करार नव्हे, नुसती फोटोपुरती सही:

१. जागा कोणाच्या ताब्यात, परवानगी कोणाच्या नावावर. शक्यतो संयुक्त समिती किंवा गावांनी मिळून नोंदवलेली मत्स्य उत्पादक संस्था.

२. भांडवल कोणी किती घातलं. मजुरीचे दिवसही भांडवलात धरा, आणि त्यांची वही बायकांच्या हातात द्या.

३. नुकसानीचा वाटा. वादळाने दोर गेले तर कोण किती सोसणार? हा प्रश्न आधी टाळला की पहिल्याच पावसाळ्यात समिती मोडते.

४. काढणीचा क्रम. सगळ्या गटांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माल काढला तर भाव पडणारच. कोणत्या गावाची काढणी कोणत्या पंधरवड्यात, हे आधी ठरवा आणि दरवर्षी क्रम फिरवा.

५. काढणी थांबवण्याचा अधिकार. एक माणूस नेमा, त्याचा शब्द अंतिम. तो शक्यतो माल विकणाऱ्या गटातला नसावा.

६. राखणीची पाळी. दोर चोरीला गेले तर पाळी ज्याची होती तो गट उत्तर देईल.

७. बिगर-सदस्यांचे हक्क. हाताने शिवल्या काढणाऱ्या बायका, डोलवाले, पाग टाकणारे यांच्या वाटा मोकळ्या राहतील, हे लेखी.

असं नियमन शक्य आहे का, अशी शंका कोणी काढली तर केरळच्या अष्टमुडी सरोवराचं उदाहरण द्या. तिथे शिवल्या काढणारे, व्यापारी, सरकारी खाती आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद ठेवली, जाळीच्या भोकाचा आकार ठरवला आणि बारीक माल काढण्यावर बंधन घातलं. २०१४ मध्ये त्या शिवल्यांना एमएससी हे शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं. आपल्याकडे खाडी वेगळी, माणसं वेगळी, पण व्यापाऱ्याला बैठकीत बसवण्याची त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे.

नेहमीची चूक: अनुदान मिळावं म्हणून बायकांच्या नावाने बचत गट दाखवायचा आणि बँकेचं खातं भाऊ किंवा नवरा चालवणार. खात्यावर सही ज्यांची, निर्णय त्यांचा, हे पहिल्या दिवसापासून पाळा.

## टप्पा ५: परवानग्या, आणि कोणाकडे आधी

एका खात्याचं पत्र मिळालं की सगळं मिळालं, असा समज फार पसरला आहे. पाणी, काठ, तिवरं आणि माल यांचे मालक-राखणदार वेगवेगळे आहेत.

आधी कांदळवन कक्षाकडे, म्हणजे तिवरांचं काम पाहणाऱ्या वन विभागाच्या शाखेकडे जा. तिवरं आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा किनारा नियमन अधिसूचनेने संरक्षित आहे, आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरं तोडण्यावर कडक बंदी घातली. तिथून नकार आला तर बाकीच्या खात्यांत फिरण्यात अर्थ नाही. होकार आला तर याच खात्यामार्फत राबवली जाणारी कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनाही तपासा. खेकडा, कालव आणि शिणाणे पालन तिच्यात बसतं आणि गटांना प्रशिक्षणही मिळतं. ऐरोलीला याच कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. गाठभेटीला तिथून सुरुवात करणं सोपं पडतं.

मग मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थीला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. हिशेब करताना अनुदान शेवटी येईल असं धरा. त्याच्या भरवशावर उधारीने दोर घेऊ नका.

तिसरं, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, कारण होड्यांचा मार्ग त्यांच्या अखत्यारीत. खुंट, तरंगते पिंप, नांगर कुठे असतील याचा आराखडा जोडा आणि रात्री दिसतील असे दिवे किंवा चमकत्या पट्ट्या लावण्याची हमी द्या.

तटीय जलकृषी प्राधिकरण कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि शिंपला पालनासारखे प्रकारही त्याच्या कक्षेत आले. त्या नोंदणीसाठी काय लागतं ते मत्स्यव्यवसाय कार्यालयातच विचारून घ्या. विक्री आणि शुद्धीकरणासाठी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी वेगळी लागते.

तपासणी: प्रत्येक अर्जाची पोचपावती, तारखेसह. तोंडी "करा, काही होत नाही" याला परवानगी समजू नका.

## टप्पा ६: बांधणी आपल्या भरतीप्रमाणे करा

इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे केरळच्या पुस्तिकेतला आराखडा जसाच्या तसा उभा करणं. तिथल्या खाड्यांत भरती-ओहोटीचा फरक साधारण एक मीटर. मुंबई-ठाण्याच्या पाण्यात उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. तिथला बांबूचा मांडव इथे लावला तर उधाणाच्या ओहोटीला शिणाण्यांचे दोर तासन्‌तास उघडे पडून उन्हात भाजतील, आणि भरतीला मांडवच दिसेनासा होऊन होडी त्यावर चढेल.

म्हणून:

शिणाण्यांसाठी तरंगता तराफा किंवा पिंपांवर आडवा बांधलेला लांब दोर घ्या. तो पाण्याबरोबर वर-खाली होतो. उधाणाच्या सगळ्यात खालच्या ओहोटीलाही टांगलेल्या दोराचं टोक तळाच्या वर राहील इतकी खोली हवी. टोक चिखलाला टेकलं की खालचे शिणाणे गुदमरतात आणि खेकडे वर चढून खातात. नांगराचा दोर खोलीइतकाच ठेवू नका; खोलीच्या किमान तिप्पट सोडा, नाहीतर उधाणाला नांगर उपटतो.

कालवांसाठी स्थिर मांडव चालू शकतो. कालव काही तास उघडं पडलं तरी कवच घट्ट मिटून जगतं, आणि उघडं पडण्याने वर चिकटणारी घाणही कमी होते. मात्र मांडवाची उंची ठरवण्याआधी एक पूर्ण पंधरवडा, उधाण आणि भांग दोन्ही, जागेवर खुणेची काठी रोवून पाणी मोजा. भरतीच्या छापील तक्त्यावर भागवू नका. खाडीत वर जाऊ तसं वेळ आणि उंची दोन्ही बदलतात.

खेकड्यांसाठी प्रत्येकाला वेगळी पेटी. एकत्र सोडले की नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा बाकीचे खातात.

खुंटांसाठी तिवरं तोडायची नाहीत, वाळलेलीसुद्धा उचलायची नाहीत. बांबू किंवा सुरूचे खांब विकत आणा, पावती जपून ठेवा. वन विभागाची तपासणी आली तर ती पावतीच तुम्हाला वाचवते.

सावधान: इथल्या पाण्यात गाळ खूप असतो. तळावर पसरून शिंपले वाढवण्याची पद्धत मऊ चिखलात चालत नाही. आठ दिवसांत माल गाडला जातो.

## टप्पा ७: बीज

बीज पावसाळा संपून क्षारता परत चढल्यावर सोडायचं. शिणाण्याला साधारण २७ ते ३५ भाग प्रति हजार क्षारता मानवते. इथे ती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात स्थिरावते का, हे तुमच्याच वर्षभराच्या नोंदी सांगतील. जानेवारीत बीज सोडलेल्या गटाचा माल जूनला अर्धवट राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या गोड्या पाण्यात मरतो. शिणाण्याला विक्रीचा आकार यायला पाच ते सहा महिने लागतात, त्यामुळे नोव्हेंबर चुकला तर ते वर्ष सोडून द्या.

शिणाण्याचं बीज १५ ते २५ मिलिमीटरचं निवडा. एक मीटर दोराला अर्धा ते पाऊण किलो पुरतं. दोराभोवती बीज लावून वरून सुती जाळी शिवतात. दोन-तीन दिवसांत जाळी कुजते आणि तोवर शिणाणे आपल्या तंतूंनी दोराला धरतात. नायलॉनची जाळी वापरली तर ती कुजत नाही, बीज आतच दबतं आणि प्लास्टिक खाडीत राहतं. तरीही स्वस्त पडते म्हणून ती वापरली जाते. वापरू नका.

कालवांसाठी जुनी कवचं धुवून, उन्हात वाळवून, मधे १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवत दोरात ओवतात आणि पिल्लं बसायच्या हंगामात पाण्यात सोडतात. कवचं फार लवकर सोडली तर त्यांवर गाळ आणि इतर जीव बसतात, कालवाच्या पिल्लांना जागाच उरत नाही. पिल्लं कधी बसतात ते गावातल्या कालवं काढणाऱ्या बाईला विचारा.

बीज कुठून आणायचं हा सगळ्या गावांचा प्रश्न आहे. नैसर्गिक खडकावरचं बीज एकाच गटाने खरवडून नेलं तर पुढच्या वर्षी सगळेच रिकामे. दाट भागातलंच घ्या, पट्टे सोडत घ्या, आणि कोणता खडक कोणत्या वर्षी मोकळा ठेवायचा ते समितीत ठरवा. दुसऱ्या राज्यातून बीज आणण्याआधी मत्स्यशास्त्रज्ञाला दाखवा. दक्षिण अमेरिकेतला मायटेला हा परका शिंपला केरळच्या खाड्यांत पसरला आहे, आणि लहानपणी तो शिणाण्याच्या बिजात सहज मिसळून येऊ शकतो. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही मुंबईत आहे. बिजाची ओळख पटवायला तिथे नमुना न्या.

खेकड्यांत अंडी असलेली मादी आणि लहान पिल्लं घ्यायची नाहीत. भरवण्यासाठी कात टाकलेला, पोकळ, पण विक्रीच्या आकाराचा खेकडा घ्या. तीन-चार आठवड्यांत तो भरतो.

तपासणी: बीज आलं त्या पाण्याची आणि तुमच्या पाण्याची क्षारता मोजली का? फरक मोठा असेल तर एकदम सोडू नका, टप्प्याटप्प्याने पाणी बदला.

## टप्पा ८: राखण आणि देखभाल

हे काम कंटाळवाणं, पण थोडक्यात सांगता येतं. आठवड्यातून एकदा दोर हलवून गाळ झाडा. पंधरवड्याला गाठी, पिंप आणि नांगर पाहा. जड झालेल्या दोराला जादा पिंप द्या, नाहीतर तराफा एका बाजूला बुडतो. मेलेला माल तिथेच पाण्यात झटकू नका, काठावर आणून पुरा. एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त मेलेले दिसले तर फोटो, क्षारता आणि तारीख समितीच्या व्हॉट्सॲप गटावर लगेच टाका. दुसऱ्या गावातही तसंच दिसत असेल तर कारण पाण्यात आहे, तुमच्या दोरात नाही. एवढं लवकर कळावं म्हणून तरी गावं एकमेकांशी जोडलेली हवीत.

## टप्पा ९: काढणी, टॅग, विक्री

काढणी पहाटे किंवा संध्याकाळी. माल ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, थंड. गोड्या पाण्यात बुडवून "ताजा" ठेवू नका, जीव मरतो. बंद प्लास्टिक पिशवीतही गुदमरतो.

प्रत्येक टोपलीला टॅग: जागा, गट, काढणीची तारीख आणि वेळ, शुद्धीकरण झालं असेल तर टाकीतून काढल्याची तारीख. वेगवेगळ्या गावांचा माल एका टोपलीत कधीही मिसळायचा नाही. कुणाच्या पोटात दुखलं तर कोणत्या जागेचा माल परत घ्यायचा हे टॅगशिवाय कळत नाही, आणि मग सगळ्या गावांचा माल बंद पडतो.

'ब' वर्गाच्या जागेसाठी समितीची एकच सामायिक शुद्धीकरण टाकी ठेवा. प्रत्येक गटाची वेगळी टाकी परवडत नाही आणि नीट चालतही नाही. पाणी समुद्राचं आणि निर्जंतुक केलेलं हवं. माल एका थरात किंवा उथळ क्रेटमध्ये, दोन दिवस, खायला न देता. अर्ध्यात नवा माल टाकला तर आधीचे तास वाया गेले असं समजून घड्याळ पुन्हा शून्यापासून लावा. ही चूक गर्दीच्या दिवशी हमखास होते. टाकीतून काढल्यावर आठवड्याला एक नमुना तपासायला पाठवा.

ग्राहकाला कच्चं खायला सांगू नका. तोंड उघडं आणि टिचकी मारूनही न मिटणारं शिंपलं फेका, हे टोपलीवर लिहा.

## टप्पा १०: काढणी बंद आणि पुन्हा सुरू

बंद करण्याचे निकष करारातच लिहिलेले असावेत: मोठा पाऊस, नाला फुटणं, तेल सांडणं, मासे मरून वर येणं, पाण्याचा रंग अचानक बदलणं, वाईट अहवाल, किंवा आजाराची एकही तक्रार. किती पावसानंतर किती दिवस बंद ठेवायचं हे तुमच्या वर्षभराच्या नोंदींवरून ठरवा. पावसानंतर जंतूंची संख्या किती दिवसांत खाली येते ते त्यात दिसतं.

बंद करण्याचा निर्णय झाला की त्याच तासाला सगळ्या गटांना, व्यापाऱ्यांना आणि बाजारात बसणाऱ्या ताई-मावशींना कळवा. टॅग पाहून त्या जागेचा विकलेला माल परत मागवा आणि परत आलेल्या टोपल्यांची नोंद करा. तेलाची किंवा रसायनाची शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार द्या. तक्रार प्रत्येक गावाने वेगळी न देता समितीच्या नावाने, नकाशा आणि अहवालांची फाईल जोडून द्या.

पुन्हा सुरू करण्याआधी त्याच जागेचे मांसाचे नमुने काही दिवसांच्या अंतराने घ्या. दोन सलग नमुने मर्यादेत आले, आणि तेल किंवा धातूंचा प्रश्न असेल तर त्यांचाही अहवाल ठीक आला, की नेमलेल्या माणसाने लेखी आदेश काढायचा. त्यावर जागा, तारीख आणि दोन्ही अहवालांचे क्रमांक हवेत. तो कागद केंद्रावर लागेपर्यंत एकही टोपली होडीत चढवू नका.